इजिप्तचे दगड हलवतानाची जुनी चित्रं: किती मानायची?

प्रश्न असा आला आहे: "बेल्झोनीने इजिप्तचा प्राचीन राजा रामसेस याच्या मूर्तीचं प्रचंड डोकं ओढून नेलं, त्याचं जुनं चित्र सगळीकडे दिसतं. सात टनांचा दगड, खाली लाकडी गाडा, पुढे दोर ओढणारी माणसं. खरोखर असंच झालं होतं का? आणि इजिप्तमधल्या मूर्ती, ओबेलिस्क (एकाच दगडातून घडवलेले, वर निमुळते होत जाणारे चौकोनी स्तंभ) हलवतानाची अशी चित्रं प्रबंधात पुरावा म्हणून वापरता येतील का?"

छापचित्रांच्या नोंदी करणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतच असतो. आधी सरळ उत्तर देतो. दोर, ओंडके आणि तरफा यांच्यापुरतं ते चित्र बऱ्यापैकी खरं आहे. माणसांच्या बाबतीत ते अर्धंच सांगतं. दगड जिथून उचलला त्या जागेबद्दल मात्र ते काही म्हणजे काहीच सांगत नाही. पुरावा म्हणून वापरा, पण कुणाचा पुरावा हे विसरू नका. यातली बहुतेक चित्रं दगड हलवणाऱ्याने स्वतः काढलेली किंवा काढवून घेतलेली आहेत. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांना एकाच तागडीत तोलत नाहीत, तोच नियम इथेही लावायचा.

बेल्झोनीपासूनच सुरुवात करू. जोव्हान्नी बेल्झोनी १७७८ साली इटलीतल्या पदुआत जन्मला. अंगापिंडाने राक्षसी, इंग्लंडमध्ये रंगमंचावर ताकदीचे खेळ करून पोट भरायचा. इजिप्तला गेला तो तिथला सत्ताधीश महंमद अली याला पाणी उपसण्याचं नवं यंत्र विकायला. ते काही जमलं नाही. मग ब्रिटिश वाणिज्यदूत हेन्री सॉल्ट आणि प्रवासी बर्कहार्ट यांनी त्याच्यावर ही कामगिरी सोपवली: थीब्जच्या (आजच्या लक्सॉरच्या) पश्चिम काठावर, आज रामेसियम म्हणतात त्या देवळात पडलेलं रामसेस दुसऱ्याचं डोकं-खांदे उचलून नाईलपर्यंत आणायचे. साल १८१६. दगड ग्रॅनाइटचा, उंची २.६ मीटरहून थोडी जास्त, वजन सात टनांच्या वर.

त्याच्याजवळ काय होतं हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. चौदा वासे, त्यातल्या आठांचा गाडा केला. खजुरीच्या पानांचे चार दोर. चार ओंडके. कप्पी एकही नाही. रीत अशी: तरफांनी डोकं एका बाजूने उचलायचं, खाली गाडा सरकवायचा. मग गाड्याचं तोंड उचलून त्याखाली एक ओंडका, मग मागची बाजू उचलून दुसरा. पुढे माणसं दोर ओढणार, मागे दोन्ही अंगांना तरफावाले ढकलणार, आणि गाडा पुढे गेला की मागे मोकळा पडलेला ओंडका उचलून पुन्हा पुढे आणून टाकायचा. आता हा मजकूर शेजारी ठेवून चित्र बघा. यातलं बहुतेक सगळं चित्रात सापडतं. म्हणून म्हटलं, दोर-ओंडक्यांपुरतं चित्र खरं.

आता चित्रात नसलेल्या गोष्टी. काम सुरू झालं २७ जुलैला, आणि डोकं नदीकाठी पोहोचलं १२ ऑगस्टला. हे दिवस रमजानचे होते. वरच्या इजिप्तमधला जुलै-ऑगस्ट, धूळ, खांद्यावर जड वासे, आणि माणसं सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नव्हती. हे मी कल्पनेने रंगवत नाही, बेल्झोनीनेच नोंदवलंय. एवढे कष्ट कुठल्याही युरोपियनाला सोसले नसते, असंही तो म्हणतो. मजुरी दिवसाला ३० पारा (तेव्हाचं तुर्की नाणं). मधेच स्थानिक अधिकाऱ्याने गावकऱ्यांना कामावर जायला मनाई केली आणि डोकं नेमकं पुराचं पाणी चढणाऱ्या जमिनीवर अडकून पडलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ते वर्षभर तिथेच राहिलं असतं. भांडून-समजावून बेल्झोनीने माणसं परत मिळवली. चित्रात याची खूण नाही. तिथे शिस्तीत रांगा आहेत आणि काम सुरळीत चाललंय.

आणखी एक वाक्य त्याच्या मजकुरात सहज येऊन जातं, पण माझ्या दृष्टीने ते चित्राएवढंच मोलाचं आहे. गाडा देवळातून बाहेर काढायला वाट नव्हती, म्हणून दोन खांबांच्या बैठका फोडाव्या लागल्या. एवढंच. अपराधी भाव वगैरे काही नाही, त्या काळात कुणाला वाटतही नसे. चित्र मात्र मोकळ्या जागेत सुरू होतं. देवळातून बाहेर पडल्यानंतरचा क्षण निवडला की फोडलेल्या बैठका दाखवाव्याच लागत नाहीत. कुठला क्षण निवडला हे कुठल्याही चित्राला आधी विचारा. हात किती सफाईचा आहे हे नंतर बघितलं तरी चालतं.

नदीकाठी पोहोचल्यावरही काम संपलं नव्हतंच. बोट मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तोवर पूर ओसरून पाणी खाली गेलेलं, काठ पाण्यापासून १८ फूट वर. मातीचा उतार रचून, खांबांचा पूल करून डोकं बोटीत उतरवलं. मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचा भाग हाच होता. तरी प्रसिद्ध झालं ते वाळूत ओढण्याचं चित्र. लांबवर माणसांची रांग आणि मागे तो दगडी चेहरा, असं दृश्य डोळ्यांना भावतं. बोटीत दगड उतरवताना सगळं तिरपं, गर्दीचं आणि गोंधळाचं असतं.

ही परंपरा बेल्झोनीने सुरू केलेली नाही. इस्तंबूलच्या जुन्या शर्यतींच्या मैदानात उभा असलेला ओबेलिस्क मूळ इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला, तिसरा थुटमोस या राजाचा. रोमन सम्राट थिओडोसियसने तो इसवी सन ३९० मध्ये तिथे उभारला आणि बैठकीच्या खालच्या भागावर तो उभारण्याचंच दृश्य कोरून घेतलं. आडवा पडलेला स्तंभ, दोर आणि कॅपस्टन, म्हणजे माणसांनी गोल फिरवायचे उभे रहाट. गंमत अशी की त्याच बैठकीवर दोन लेख आहेत. लॅटिन लेख म्हणतो स्तंभ ३० दिवसांत उभा राहिला, ग्रीक लेख म्हणतो ३२. एकाच दगडाच्या दोन बाजू, आणि आकडे जुळत नाहीत. चित्राखालच्या ओळींवर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्यांना मी हे नेहमी दाखवतो.

छापील चित्रांचा खरा आरंभ मात्र रोममध्ये झाला. रोमन सम्राट कॅलिगुलाच्या काळात आणलेला, एकही चित्रलिपीचं अक्षर नसलेला ओबेलिस्क सेंट पीटर्सच्या बाजूला उभा होता. पोप सिक्स्टस पाचवा याला तो चर्चसमोर हवा होता. अंतर साधारण २५० मीटर, वजन ३०० टनांच्या वर. वास्तुविशारद दोमेनिको फोंतानाने ३० एप्रिल १५८६ ला तो बैठकीवरून उचलला. सुमारे ९०० माणसं, ७५ घोडे, ४० रहाट. १० सप्टेंबरला नव्या जागी उभा केला. १५९० साली त्याने या कामाचं पुस्तक काढलं, त्यातली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली नाताले बोनिफाचोने. हे पुस्तक बघताना अजूनही हरखून जायला होतं. लाकडी मनोऱ्याचा एकेक सांधा दाखवलाय, भागांना अक्षरं दिलीत, मजकुरात त्या अक्षरांचा खुलासा आहे. वाचून कुणीही मनोरा पुन्हा उभारावा, अशी मांडणी. आणि इतर उमेदवारांनी सुचवलेल्या योजनाही फोंतानाने एका पानावर छापल्या. औदार्य म्हणून नव्हे हो, आपली योजना सरस दिसावी म्हणून. पण त्याच्या या बढाईमुळेच त्या योजना आज आपल्याला दिसतात.

त्याच घराण्यातलं पुढचं मोठं काम पॅरिसचं. लक्सॉरच्या देवळासमोरचा एक ओबेलिस्क महंमद अलीने फ्रान्सला दिला. तो आणायची जबाबदारी जहाजबांधणीचा अभियंता अपोलिनेर लबा याच्यावर. तूलाँ बंदरात त्यासाठी 'लक्सॉर' नावाचं खास सपाट तळाचं जहाज बांधलं. ३१ ऑक्टोबर १८३१ ला २३ मीटरचा, २०० टनांच्या वरचा हा दगड आडवा केला. मग काठावर आणलेल्या जहाजाचं नाक करवतीने कापून काढलं, ओबेलिस्क आत सरकवला आणि नाक पुन्हा जोडलं. लबाच्या १८३९ च्या पुस्तकात याचे तक्ते, म्हणजे आखीव आकृत्या, आहेत, त्याआधी १८३५ साली जहाजावरचा अधिकारी लेआँ द जोआनी याने आपल्या चित्रांसह वृत्तांत छापला. एकाच मोहिमेची दोन माणसांनी केलेली दोन चित्रणं! अभ्यासकाला याहून काय हवं? प्रबंध करणार असाल तर बेल्झोनीपेक्षा इथे हात घाला, असं मी सुचवेन. बेल्झोनीवर लिहिणारे पुष्कळ झाले.

अभियंत्याच्या तक्त्यात जमीन कशी दिसते ते बघा. कोरी. एक सरळ रेघ, तिच्यावर दगड सरकवायचा उतार. प्रत्यक्षात देवळापासून नदीपर्यंतच्या वाटेत लोक राहत होते. तीसेक घरं विकत घेऊन पाडली, तेव्हा ती रेघ सरळ झाली. त्याच वर्षी इजिप्तमध्ये कॉलऱ्याने थैमान घातलं होतं, मोहिमेतली माणसंही आजारी पडली. तक्त्यात रोगराईला जागा नसते हे मान्य, तो दोष लबाचा नाही. पण तक्ता पाहून "निर्मनुष्य वाळवंट" असं कुणी लिहिलं तर तो दोष लिहिणाऱ्याचा.

पॅरिसमध्ये २५ ऑक्टोबर १८३६ ला राजा लुई-फिलिपच्या साक्षीने आणि अफाट गर्दीत ओबेलिस्क उभा राहिला. आज प्लास द ला काँकोर्दला गेलात तर आधी मान खाली करून बैठक बघा. तिच्यावर तो उतरवण्याची आणि उभारण्याची यंत्रं सोनेरी रेघांत कोरली आहेत. थिओडोसियसने केलं तेच, चौदाशे वर्षांनी. मूळ इजिप्शियन बैठकीवर मात्र हात वर करून उगवत्या सूर्याला नमस्कार करणारी वानरं होती. त्यांची नग्नता भर चौकात असभ्य दिसेल म्हणून ती लावली नाहीत, त्यांचा तुकडा लूव्र संग्रहालयात ठेवला. म्हणजे सूर्याला नमस्कार करणारी वानरं गेली आणि त्यांच्या जागी रहाट आणि दोर आले. हलवण्याचं चित्र मूळ वस्तूचीच जागा कशी घेतं याचं इतकं ढळढळीत उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

आता उलट बाजू. जिथे हलवणाऱ्याला मिरवावंसं वाटलं नाही, तिथे काय होतं? देंदेराच्या देवळातलं गोल राशिचक्र घ्या. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर गेलेल्या व्हिव्हाँ दनोंने १७९९ साली ते छताखाली बसून रेखाटलं, १८०२ मध्ये छापलं आणि युरोपभर त्याची चर्चा झाली. (जाता जाता: १८०१ साली हिंदुस्थानातून गेलेली जनरल बेअर्डची फौज तांबड्या समुद्रावरून वाळवंट ओलांडून इजिप्तमधल्या केना गावी पोहोचली, तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. देंदेरा केनाच्या समोरच, नदीपलीकडे. शिपायांनी तिथल्या देवीला हात जोडले असं सांगतात.) १८२१ मध्ये सोल्निए नावाच्या फ्रेंच संग्राहकाने लेलोराँ या कारागिराला ते छत काढून आणायला पाठवलं. करवती, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या राजाने ते दीड लाख फ्रँकना घेतलं. आज देंदेरात त्या जागी प्रतिकृती आहे. या कामात किती कौशल्य लागलं असेल याचा विचार करा. तरी फोंताना किंवा लबासारखे अभिमानाने छापलेले तक्ते याचे नाहीत. छतात दारू ठासतानाचं दृश्य कुणी दिवाणखान्यात लावत नाही.

याच राशिचक्राने चित्रांवर विसंबण्याचा धडाही दिला. फ्रेंच मोहिमेच्या भव्य ग्रंथात त्याचं जे रेखाटन छापलं, त्यात शेजारी राजनामाच्या चौकटीत अक्षरं दाखवली होती. चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या शांपोलिआँने १८२२ साली ती "ऑटोक्रेटर" अशी वाचली, म्हणजे रोमन सम्राटाची पदवी, आणि त्यावरून राशिचक्र रोमन काळातलं ठरवलं. १८२८ मध्ये तो स्वतः देंदेराला गेला. तो तुकडा कापणाऱ्यांनी मागेच सोडला होता, जागच्या जागी होता. चौकट रिकामी! अक्षरं रेखाटणाऱ्यांनी भरली होती. शांपोलिआँला हसू आवरेना, तसं त्याने पत्रात लिहिलंय. ते सापडलं कारण दगडाचा तेवढा भाग मूळ जागी राहिला होता. सगळंच पॅरिसला गेलं असतं तरी दगड तपासता आला असता म्हणा, पण किती चित्रांच्या बाबतीत आज दगडही नाही आणि जागाही नाही!

वर्तमानपत्रांचा काळ आला आणि वेगळीच अडचण उभी राहिली. लंडनचा ओबेलिस्क १८७७ मध्ये लोखंडी नळकांड्यात बसवून अलेक्झांड्रियाहून ओढत आणत होते. ऑक्टोबरात बिस्केच्या उपसागरात वादळ झालं, सोबतच्या 'ओल्गा' जहाजाचे सहा खलाशी गेले, नळकांडं सोडून द्यावं लागलं आणि नंतर ते तरंगताना सापडलं. त्या वादळाची चित्रं बघितली तर लाटा छपराएवढ्या. चित्रकार तिथे होता? नव्हता. तारेने आलेल्या बातमीवर आणि वाचलेल्यांच्या तोंडच्या हकिकतीवर अशी चित्रं कचेरीत बसून काढत. १२ सप्टेंबर १८७८ ला थेम्सकाठी तो उभा केला त्याची चित्रं मात्र समोर बघून काढलेली, ती जास्त भरवशाची. एकाच साप्ताहिकाच्या दोन अंकांतली दोन चित्रं, पण किंमत वेगळी. (त्याच्या बैठकीत पुढच्या पिढ्यांसाठी ज्या वस्तू पुरल्या त्यांत आपला एक रुपयाही आहे.)

न्यूयॉर्कला ओबेलिस्क नेला त्या वेळी, १८८०-८१ मध्ये, गोरिंज या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने छायाचित्रं वापरली. त्यातली माणसं स्तब्ध, पोझ घेतलेली, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला हालचाल पकडायला जमत नसे. पण गोरिंजने एक गोष्ट केली जी आधीच्या कुणी इतक्या नेटाने केली नव्हती. पायऱ्या आणि पाया उलगडताना दगडांच्या मूळ जागांची नोंद ठेवली आणि सेंट्रल पार्कमध्ये ते त्याच क्रमाने बसवले. मागे काय होतं याकडे निदान एकाने तरी बघितलं.

हातात कागद आला की मी काय बघतो ते सांगतो. आधी कडा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात उमटलेली असते, बोट फिरवलं तर लागते. शिळाप्रेसवर छापलेल्यात ती नसते. साप्ताहिकातली मोठी चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरत, अनेक ठोकळे बोल्टने जोडून एक चित्र करत, प्रत्येक ठोकळा वेगळ्या कारागिराकडे. भिंगाखाली नीट बघा, सांध्याची बारीक पांढरी रेघ सापडते. ती सापडली की चित्राचा तो भाग आणि हा भाग एकाच हाताचा नाही हे ध्यानात येतं. रंग असले तर जास्तच सावध. साप्ताहिकांतली बहुतेक चित्रं काळ्या शाईतच निघत, रंग नंतर दुकानदारांनी चढवलेला असतो. आणि डावं-उजवं तपासा. पत्र्यावर कोरताना उलटवायचं राहिलं तर छापलेलं चित्र आरशातल्यासारखं येतं. रामसेसच्या त्या मूर्तीत, मूर्तीच्या स्वतःच्या उजव्या छातीत, एक मोठं भोक आहे. ते नेपोलियनच्या माणसांनी पाडलं असं म्हणतात. एखाद्या चित्रात ते डावीकडे गेलेलं दिसलं तर चित्र उलटं आहे किंवा चित्रकाराने मूर्ती बघितलेलीच नाही.

प्रबंधात चित्र देताना त्याखाली तीन गोष्टी लिहा: कुणी काढलं, घटनेनंतर किती वर्षांनी छापलं, आणि काढणाऱ्याचा त्या कामात हात होता की नाही. शेजारी त्याच माणसाचा मजकूर द्या, कारण बेल्झोनीसारखे लोक चित्रात जे झाकतात ते लिहिताना बिनदिक्कत सांगून टाकतात. जमलं तर आज ती जागा कशी दिसते याचं छायाचित्रही लावा.

आणि एक, तुम्ही विचारलेल्या चित्राबद्दलच. विक्रेते ते सर्रास "बेल्झोनी, १८२०" म्हणून विकतात, कारण त्याचं मुख्य पुस्तक आणि ४४ चित्रांचा खंड त्या साली निघाला. डोकं ओढतानाचं हे चित्र मात्र १८२२ साली निघालेल्या सहा चित्रांच्या पुरवणीतलं आहे. म्हणजे डोकं हललं १८१६ मध्ये आणि चित्र छापलं सहा वर्षांनी, तेही मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचून बेल्झोनीचं नाव गाजल्यानंतर. तळटिपेत साल बरोबर टाका.